काळजीवाहू

“पास्कल, त्या गृहस्थांना सांग, माझं काम झालंय.”

कुंटे हे बोलला तेव्हा ‘ते गृहस्थ’ त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. ते गृहस्थ म्हणजे मी. पास्कल आमचा टेक्निशियन, कलिन्याचा, आमच्या दोघांच्या मधोमध शिडी धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण निरोप काही पोचवला नाही. सुरुवातीला बिचारा प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणून दाखवायचा. वर्षं गेली तसा तो कंटाळला आणि नुसती मान हलवायला लागला.

“त्यांना म्हणावं, दिसतंय मला,” मी म्हणालो.

“म्हणावं, दिसत असतं तर आणखी काय हवं होतं,” कुंटे म्हणाला आणि फडक्याला हात पुसत बाजूला झाला.

भालचंद्र कुंटे आणि मी, अनंत तोरसकर, एकाच वर्षी विमान कंपनीत लागलो, एकाच वर्षी लायसन्स मिळवलं आणि सांताक्रूझच्या एकाच हँगरमध्ये विमानं दुरुस्त करत म्हातारे झालो. त्या माणसाशी कुणाचंच फारसं जमायचं नाही. चहा एकटा प्यायचा, डबा एकटा खायचा. कुणी लग्न ठरल्याचे पेढे घेऊन आला तर पेढा उचलण्याआधी “हात धुतलेस का?” म्हणून विचारायचा. लोक त्याच्या पाठीमागे काय वाटेल ते बोलत. मी तोंडावर बोलत होतो, एवढाच फरक. आणि तोंडावर म्हणजे पास्कलच्या मार्फत.

आमच्या कामातला एक नियम इथे सांगायला हवा. विमानाचं नाक ज्यांच्यामुळे वर-खाली होतं, विमान डावी-उजवीकडे वळतं, त्या भागांना एका इंजिनिअरने हात लावला की दुसऱ्याने ते काम स्वतंत्रपणे तपासायचं. पहिला काम करत असताना दुसऱ्याने तिथे फिरकायचंसुद्धा नाही. दोघांची खात्री पटली तरच विमान बाहेर. हँगरमध्ये आम्ही याला ‘दुसरी नजर’ म्हणायचो. कुंट्याच्या कामाला दुसरी नजर माझी आणि माझ्या कामाला त्याची, असं आमच्या जुन्या साहेबांनी लावून दिलं होतं. जोडी बदला म्हणून आम्ही दोघांनी वेगवेगळं जाऊन किती वेळा सांगितलं असेल. साहेब ऐकून घ्यायचे आणि क्रिकेटचा विषय काढायचे.

त्या दुसऱ्या नजरेतूनच आमचं बिनसलं. पंखाच्या मागच्या कडेला मी एक बोल्ट बसवला होता. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून त्यात एक बारीक पिन घालून तिची टोकं दुमडतात, ती माझ्या हातून राहून गेली. कुंट्याला ती सापडली. चूक माझीच. पण अशा चुका पकडायलाच तर दुसरी नजर असते. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. त्याने अख्ख्या शिफ्टसमोर, साहेबांच्या देखत सांगितलं, “पिन राहिली हा भाग वेगळा. हा माणूसच निष्काळजी आहे.”

चूक माझी होती, शब्द माझा नव्हता. पिन ही एका दिवसाची गोष्ट आणि निष्काळजी हा अख्ख्या माणसावर मारलेला शिक्का. त्यात हँगर म्हणजे टवाळांचं माहेरघर. त्या सुमारास दिल्लीत सरकार पडलं होतं आणि पेपरात रोज काळजीवाहू मंत्रिमंडळाच्या बातम्या असायच्या. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी मला ‘या, काळजीवाहू’ म्हणालं आणि तेच नाव पडलं. पुढे पुढे नव्याने लागलेल्यांना ते माझं आडनावच वाटायचं. एकाने तर फोनवर मला ‘काळजीवाहू सर’ म्हणून हाक मारली, अगदी आदराने. वरच्या जागेसाठी माझं नाव गेलं की परत यायचं. कारण कुणी सांगत नव्हतं, आणि मला विचारायची सोय नव्हती.

मला कुंट्याकडून एकच गोष्ट हवी होती. जिथे तो शब्द उच्चारला तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर त्याने तो परत घ्यावा. आणि आता तो निवृत्तीला टेकला होता. एकदा का तो गेटबाहेर पडला की शब्द परत घेणारा कुणी उरणार नव्हता. शब्द मात्र माझ्यापाशी राहणार होता.

तर त्या दिवशी कुंट्याने शेपटीतली केबल बदलली होती. पायलटने दांडा ओढला की ही पोलादी केबल शेपटीचा आडवा पंख हलवते आणि विमान नाक वर करतं. दिवाळीची गर्दी होती, विमान संध्याकाळी प्रवासी घेऊन जायचं होतं. मी बॅटरी आणि दांडीचा आरसा घेऊन शेपटीखालच्या झाकणाकडे निघालो, तेवढ्यात मागून हाक आली.

“तोरसकर, आत जाण्याआधी पाच मिनिटं इकडे या.”

हे आमचे नवे साहेब, गुप्ते. माणूस गोड, सदा घाईत. त्यांनी शिफ्टमधल्या सगळ्यांना गोळा केलं होतं आणि कॅन्टीनमधून बटाटेवडे मागवून चक्क हत्यारांच्या ट्रॉलीवर ठेवले होते. ते पाहून कुंट्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने वड्यांचं ताट उचललं, खाली कागद पसरला आणि ताट पुन्हा ठेवलं.

“मी स्पष्टच बोलतो,” गुप्ते म्हणाले. “बाकीच्या जोड्यांची तपासणी चहा गार व्हायच्या आत उरकते. तुम्ही दोघं एकमेकांच्या कामात शिरलात की विमान अर्धा दिवस अडकतं. ही तपासणी नाही, हे भांडण आहे.”

“साहेब, भांडण वेगळं आणि तपासणी वेगळी,” मी म्हणालो.

“तुमच्या बाबतीत वेगळं दिसत नाही मला. म्हणून म्हटलं, आज ते मिटवूनच टाकू. कुंट्यांना काही बोलायचंय.”

काय बोलायचंय ते मला ठाऊक होतं. सकाळीच पास्कलने कानात सांगितलं होतं. निवृत्तीनंतरही नव्या मुलांना शिकवायला म्हणून कुंट्याला ठेवून घ्यायची गुप्त्यांची तयारी होती, मात्र आधी हा अबोला संपवायचा. कुंट्याला हँगरशिवाय दुसरं जग नव्हतं. घरी बसवला असता तर तो भिंतीशी भांडला असता. म्हणजे ही माफी सौद्याची होती. असेना का. मला सौद्याशी काही घेणंदेणं नव्हतं, मला शब्दाशी होतं.

कुंटे माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पास्कल सवयीने मधे यायला निघाला, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

“अनंत,” तो म्हणाला. किती वर्षांनी त्याच्या तोंडून माझं नाव ऐकत होतो. “तेव्हा मी बोललो ते चुकीचं होतं. पिन राहिली होती. माणूस निष्काळजी नव्हता. तो शब्द मी परत घेतो.”

टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. कुंट्याने एक वडा कागदावर ठेवून माझ्यापुढे केला.

“खा. हात धुतलेत मी.”

मी वडा खाल्ला आणि शेपटीत शिरलो. आत उकडत होतं, नेहमीसारखा तेलाचा वास होता, पण मला काही जाणवलं नाही. कुंट्याचं काम देखणंच असायचं. केबल सरळ, तारांचे पीळ एकसारखे, कुठे बोटभर ग्रीस सांडलेलं नाही. एरवी हे देखणेपण पाहिलं की माझं डोकं फिरायचं, त्या दिवशी कौतुक वाटलं. लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी आम्ही दोघं त्याच्या घरी अभ्यासाला बसायचो ते आठवलं. आरशात वरच्या पुल्या पाहिल्या. पास्कलला कॉकपिटमधून दांडा ओढायला लावला, पंख लोण्यासारखा वर गेला, खाली आला. मी बाहेर आलो तर वड्यांचं ताट अजून तसंच होतं.

“ओके आहे साहेब,” मी म्हणालो. “उत्तम काम.”

“बघा,” गुप्ते सगळ्यांकडे पाहून म्हणाले, “किती सोपं होतं.”

कुंट्याने चहाचा कप खाली ठेवला.

“इतक्यात?” त्याने विचारलं.

“हो.”

“कुठवर गेलास?”

“शेवटपर्यंत.”

“वरच्या पुल्या?”

“पाहिल्या, आरशात.”

“मागच्या बाजूने?”

“कुंटे, काम चांगलं झालंय. मी सांगतोय ना.”

“चांगलं झालंय,” तो म्हणाला, मी त्याला शिवी दिल्यासारखा. मग माझ्याभोवती फिरून त्याने माझी पाठ पाहिली. “ओव्हरऑलला डाग नाही. पाठ टेकवलीच नाहीस तू. माझ्या कामातून स्वच्छ पाठीने कधी बाहेर आला नव्हतास आजवर.”

“अहो कुंटे, जाऊ द्या,” गुप्ते मधे पडले. “त्यांचं समाधान झालंय.”

“त्याचं समाधान झालंय तेच मला नको आहे.” कुंट्याचा आवाज चढला होता. “साहेब, मघाशी बोललो ते मी परत घेतो.”

“काय परत घेता?”

“माफी.” तो शिफ्टकडे वळला. “सगळ्यांनी ऐका. हा माणूस निष्काळजी होता, निष्काळजी आहे आणि मी गेल्यावरही निष्काळजीच राहणार. तेव्हा बोललो ते बरोबर बोललो होतो. पास्कल, त्या गृहस्थांना सांग.”

पास्कलने या वेळी मानसुद्धा हलवली नाही.

मी कुंट्याच्या अंगावर धावून गेलो. आयुष्यात मी कुणावर हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला. पास्कल आणि आणखी दोघांनी मला धरलं. मनातल्या मनात मी काय काय बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट त्याने हातात दिली होती आणि तोंडातला वडा संपायच्या आत हिसकावून घेतली होती, तीही पहिल्यापेक्षा जास्त लोकांसमोर.

“तुझं काम उभं-आडवं फाडून नाही दाखवलं तर तोरसकर नाव लावणार नाही,” मी ओरडलो.

“तोंडाने काय फाडतोस? आत जाऊन फाड.”

गेलो. पाठीवर झोपून, टाचा रोवून, सरकत सरकत. मला त्याची चूक हवी होती. दुसरं काही नको होतं मला, नोकरी नको, नाव नको, फक्त चूक. एकेक पुली बोटाने चाचपली, एकेका पिनेला नख लावून पाहिलं. पुढून दिसलं ते मागून पाहिलं, मागून दिसलं ते खालून पाहिलं. घाम डोळ्यांत जात होता आणि मी त्याला मोठमोठ्याने शिव्या घालत होतो. बाहेर सगळं ऐकू येत असणार.

वरच्या डाव्या पुलीपाशी बोट अडलं. केबल पुलीच्या खाचेतून निसटू नये म्हणून तिथे एक आडवी पिन असते, केबल त्या पिनेच्या आतून जायला हवी. ती बाहेरून गेली होती. पुढून, आरशात, ते दिसणं शक्यच नव्हतं. पंख हलताना काही कळलंही नसतं. पण प्रत्येक उड्डाणात केबल त्या पिनेवर घासली असती, एकेक तार तुटत गेली असती, आणि एक दिवस पायलटने दांडा ओढला असता तेव्हा तो मोकळाच हातात आला असता.

मला इतका आनंद झाला की तिथे पडल्या पडल्या मी मोठ्याने हसलो. सापडला, कुंटे सापडला. मग संध्याकाळचे प्रवासी आठवले. बॅटरी हातातून सुटली, ती अंधारात चाचपून शोधावी लागली.

बाहेर आलो तेव्हा पाठ तळाच्या तेलाने काळी झाली होती.

“वरची डावी पुली,” मी म्हणालो. “केबल पिनेच्या बाहेरून घातलीय.”

कुंट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने माझ्या हातातली बॅटरी घेतली, आत गेला, बराच वेळ आत राहिला आणि तसाच काळा होऊन परत आला.

“हो,” तो म्हणाला. “माझंच आहे.”

“ठीक आहे, ठीक आहे,” गुप्ते घाईघाईने म्हणाले. “सापडलं ना वेळेत? इथल्या इथे दुरुस्त करू. वर कळवायलाच पाहिजे असं काही नाही. काय तोरसकर?”

सगळे माझ्याकडे बघत होते. कुंटेही बघत होता. वर कळवलं की त्याचं निवृत्तीनंतर राहणं संपलं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, त्याला सर्वांत जास्त. त्याने नजर खाली घातली नाही.

“वर कळवायचं,” मी म्हणालो. मग शिफ्टकडे वळलो आणि एकच शब्द बदलून म्हणालो, “पिन चुकली हा भाग वेगळा. हा माणूसच निष्काळजी आहे.”

कुणी हसलं नाही. कुंट्याने फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसायला लागला.

“पास्कल,” तो म्हणाला, “त्या गृहस्थांना सांग, आता बरोबर बघितलं.”

विमान दुसऱ्या दिवशी गेलं. कुंट्याला कुणी ठेवून घेतलं नाही. निरोपसमारंभात त्याने सगळ्यांचे आभार मानले, कॅन्टीनवाल्याचेसुद्धा, माझे सोडून. मी मागे उभा राहून पेढा खाल्ला आणि निघून आलो. टवाळांनी पुढे आम्हा दोघांचं मिळून ‘काळजीवाहू सरकार’ असं नाव पाडलं. तो गेल्यावर सरकारात मी एकटाच उरलो आणि ते नाव घेऊनच निवृत्त झालो. माफी परत का घेतली, हे मी त्याला विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. पार्ल्याच्या भाजीबाजारात एकदोनदा समोरासमोर आलो, तेव्हा तो वांगी निवडत राहिला आणि मी भेंडी.

यंदा त्याच्या मुलीचा फोन आला.

“काका, मी ऊर्मिला कुंटे. बाबा गेले.”

“कळलं मला. वाईट झालं,” मी म्हणालो, म्हणायला हवं तेवढं.

“रविवारी शोकसभा ठेवलीय. तुम्ही बोलाल का?”

“बाळ, तुझी काहीतरी गल्लत होतेय. मी तुझ्या बाबांचा मित्र नव्हे. आम्ही धड बोलतसुद्धा नव्हतो.”

“माहीत आहे काका. बाबांनीच सांगून ठेवलंय. म्हणाले, मित्र काय, वरवर बघून उत्तम म्हणतील. तोरसकरला बोलवा. तो पाठ टेकवून आत शिरतो. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हे असं म्हणाला तो?”

“हो.”

“कुणासमोर?”

“आम्ही घरचे सगळे होतो.”

“हँगरमधलं कुणी होतं?”

“नाही, काका.”

“मग त्याचा काही उपयोग नाही,” मी म्हणालो आणि सभा किती वाजता आहे ते विचारलं.

सभेला बरेच जण आले होते. पास्कल काठी टेकत आला होता. एक जण म्हणाला, कुंटे मनमिळाऊ होते. दुसरा म्हणाला, त्यांच्या तोंडून कधी कठोर शब्द गेला नाही. गुप्ते साहेबांनी तर त्याला अजातशत्रू ठरवलं. मी दुसऱ्या रांगेत बसून होतो. शेवटी ऊर्मिलाने माझं नाव पुकारलं.

“मी अनंत तोरसकर,” मी माइक हातात घेऊन म्हणालो. “मी त्याचा शत्रू. आतापर्यंत इथे जे बोललं गेलं त्यातलं एकही वाक्य खरं नाही.”

सभेत चुळबुळ झाली. गुप्त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, आवरा म्हणून. समोर बसलेली ऊर्मिला एवढा वेळ रडली नव्हती, तिने आता पदर डोळ्यांना लावला.

“बोला काका,” ती म्हणाली. “सगळं बोला.”

मी मागून एक खुर्ची ओढून घेतली आणि बसलो. त्याच्या पहिल्या चुकीपासून सुरुवात केली. मला काही घाई नव्हती.